औषध मानवणे
(तृतीय वर्ष कला)

आपल्या मराठीत औषधाबद्दल बोलण्याची एक खास तऱ्हा आहे. औषध 'लागू पडते'. औषधाचा 'गुण येतो'. एखाद्याला ते 'मानवत नाही', एखाद्याला 'उष्ण पडते', एखाद्याला चक्क 'बाधते'. यातल्या बहुतेक वाक्यांत औषध कर्ता असले तरी वाक्याचा जीव दुसरीकडेच असतो. तो असतो 'कोणाला' या प्रश्नात. नुसते 'औषध लागू पडले' असे कोणी म्हणाले, तर ऐकणारा लगेच विचारतो, "कुणाला?" व्याकरणाच्या तासाला चतुर्थीचे प्रत्यय पाठ करताना त्यांचा आरोग्याशी काही संबंध असेल असे मनातही आले नव्हते. पण आमच्या घरात गेली पंचवीसहून अधिक वर्षे एक चतुर्थी विभक्ती नांदते आहे. ती म्हणजे माझी आत्या.

आत्याला लहानपणी घसा धरून ताप यायचा, मग सांधे सुजायचे. घरच्यांनी 'वाढीचा ताप' म्हणून ते अंगावर काढू दिले. तो संधिवाताचा ताप होता. घशातल्या जंतूंशी लढायला उभे राहिलेले शरीराचे सैन्य कधी कधी भ्रमात पडते आणि हृदयाच्या झडपांनाच शत्रू समजून त्यांच्यावर तुटून पडते. आपल्या देशात, विशेषतः दाटीवाटीच्या गरीब वस्त्यांत आणि खेड्यापाड्यांत, कितीतरी मुलांच्या हृदयाचे असे नुकसान झाले आहे. आत्याची डावीकडची झडप आक्रसत गेली आणि १९९८ साली, ती सव्वीस वर्षांची असताना, पुण्याला नेऊन ती बदलावी लागली. नवी झडप तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत तयार झालेल्या बनावटीची. धातूची कडी आणि तिच्यात उघडझाप करणारी प्लॅस्टिकची चकती. माणसाच्या छातीत ही झडप पहिल्यांदा बसली ती १९९० साली. परदेशी झडपेच्या मानाने ती कितीतरी स्वस्त, म्हणून तर आमच्या आजोबांना परवडली. रात्री घर शांत झाले की आत्याच्या छातीतून टिक् टिक् ऐकू येते. मी लहानपणी तिच्याजवळ झोपायची तेव्हा मला वाटे, आत्या उशाखाली घड्याळ ठेवून झोपते.

झडप बसली, आणि तिच्याबरोबर एक गोळीही आयुष्यभरासाठी आली. परक्या वस्तूला स्पर्श झाला की रक्त गोठू पाहते. झडपेवर गुठळी धरली तर चकती अडकेल. गुठळी सुटून मेंदूत गेली तर अर्धांगवायू. म्हणून रक्त गोठण्याची ताकद औषधाने कमी करून ठेवायची; फार नाही, बेताची. त्या औषधाचे नाव वॉर्फरिन.

हे वॉर्फरिन मुळात उंदीर मारायचे औषध आहे असे समजले तेव्हा आमच्या आजीने कपाळावर हात मारून घेतला होता. त्याची कहाणी मात्र कादंबरीकाराला सुचणार नाही अशी आहे. १९२० च्या सुमारास कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरे अकारण रक्तस्राव होऊन मरू लागली. शिंग कापले, कुठे खरचटले, की रक्त थांबेना. एका पशुवैद्याने शोधून काढले, की स्वीट क्लोव्हर नावाच्या गवताला बुरशी लागली आणि ते गुरांनी खाल्ले, की हे घडते. एरवी असला चारा शेतकरी फेकून देता. पण मंदीच्या काळात फेकायचे कोणाच्या जिवावर येणार? १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी हिमवादळातून सुमारे तीनशे किलोमीटर गाडी हाकत विद्यापीठात आला. गाडीत मेलेली कालवड, सडका चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त. त्याची गाठ पडली ती कार्ल लिंक नावाच्या रसायनशास्त्रज्ञाशी. लिंक त्याला त्या दिवशी तरी काहीच देऊ शकला नाही. पण त्या कॅनने त्याची झोप उडवली असावी. कारण त्याच्या प्रयोगशाळेने सहा वर्षे खपून १९३९ साली त्या चाऱ्यातले नेमके द्रव्य वेगळे काढले. त्याच कुळातले आणखी जहाल द्रव्य १९४८ साली उंदरांचे विष म्हणून बाजारात आले, तेच वॉर्फरिन. १९५१ मध्ये अमेरिकेच्या एका सैनिकाने जीव द्यायला हे विष खाल्ले आणि तो व्हिटॅमिन के दिल्यावर खडखडीत बरा झाला! तेव्हा डॉक्टरांच्या ध्यानात आले, की ज्याला उतारा आहे ते विष माणसाला बेताने देता येईल. १९५४ साली ते माणसांसाठी मंजूर झाले आणि पुढच्याच वर्षी हृदयविकाराचा झटका आलेल्या अध्यक्ष आयझेनहॉवरना दिले गेले. तीक्ष्ण विषही युक्तीने वापरले तर उत्तम औषध होते आणि औषधही चुकीने वापरले तर विष होते, हे चरकसंहितेत फार पूर्वीच सांगून ठेवले आहे. आजीला हे सांगितले तेव्हा तिचे थोडे समाधान झाले. चरकाने म्हटले आहे ना, मग ठीक.

हे विष रक्तात नेमके करते तरी काय? मला हे समजून घ्यायला बरेच दिवस लागले. शेवटी ते समजले कॉलेजच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर. असे समजा, की रक्त गोठवणारी जी प्रथिने आहेत ती यकृतात जन्मतात, पण जन्मतः निकामी असतात. एक एक पेला चहा घेतल्याशिवाय ती कामाला लागत नाहीत. पेला म्हणजे व्हिटॅमिन के. टपरीवर पेले मोजकेच असतात, पण एक पोऱ्या ते सतत विसळत असतो, म्हणून तेच पेले पुन्हा पुन्हा फिरतात आणि शंभर गिऱ्हाइके भागतात. वॉर्फरिन येते ते या पोऱ्याचे हात धरून ठेवते. उष्ट्या पेल्यांचा ढीग साठतो, गिऱ्हाइके चहावाचून परत जातात. रक्त गोठायला उशीर लागू लागतो. पण जे आधीच चहा पिऊन कामावर गेले आहेत त्यांचे काय? ते आपली पाळी संपेपर्यंत काम करतच राहतात. त्यातले एक प्रथिन काही तासांत विरून जाते, तर दुसऱ्याला विरायला दोन-तीन दिवस लागतात. म्हणून आज गोळी बदलली तर तिचा खरा परिणाम चार-पाच दिवसांनी दिसतो. आणि कोणी बाहेरून नवे कोरे पेले आणून दिले, तर पोऱ्याचे हात धरलेले असले तरी काही काळ टपरी चालते. हे नवे पेले म्हणजे पालेभाजी! मेथी, पालक, माठ, कोबी, कोथिंबीर. हिरव्या पानांत व्हिटॅमिन के ठासून भरलेले असते. गंमत अशी, की वॉर्फरिन माणसांना देऊ लागले १९५४ साली आणि ते नक्की कोणाचे हात धरते हे उलगडले १९७८ साली. तोवर चोवीस वर्षे लोक त्याच्यावर जगत होते.

आता मूळ प्रश्नाकडे येते. आत्याला दर महिन्याला रक्त तपासायला जावे लागते. बरोबर बहुतेक वेळा मीच असते. तिथल्या बाकावर दर मंगळवारी तीच मंडळी भेटतात. एक निवृत्त गुरुजी आहेत, एक बांगड्यांचे दुकान चालवणाऱ्या काकू आहेत, एक माझ्याच वयाचा मुलगा आहे. वारीत एकमेकांना 'माउली' म्हणावे तसे ही मंडळी भेटताच विचारतात, "किती आला?" म्हणजे आयएनआर किती आला. निरोगी माणसाचा हा आकडा एकच्या आसपास असतो. आत्याचा अडीच ते साडेतीनमध्ये राहायला हवा. खाली गेला तर गुठळीची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची. पूर्वी प्रत्येक प्रयोगशाळेचे तपासणीचे रसायन वेगळे, त्यामुळे मिरजेतला आकडा मुंबईत जुळत नसे; १९८३ साली जागतिक आरोग्य संघटनेने हा सर्वांना समान असा आकडा रूढ केला.

तर या बाकावर मला पहिला धक्का बसला. गुरुजी चांगले धिप्पाड, सहा फुटी. त्यांचा डोस रोज दोन मिलिग्रॅम. आमची आत्या अंगाने काडी, आणि तिला लागतात सात मिलिग्रॅम! आकडा मात्र दोघांचाही तीनच्या आसपास. म्हणजे गुरुजींची गोळी आत्याला दिली तर तिची झडप अडकेल, आणि आत्याची गोळी गुरुजींनी आठवडाभर घेतली तर त्यांना दवाखान्यात न्यावे लागेल. एकच औषध, एकच आजार, आणि साडेतीन पटींची ही तफावत कुठून आली? डॉक्टरांना विचारले तर ते हसून म्हणाले, "व्यक्ती तितक्या प्रकृती." म्हण म्हणून ठीक आहे हो, पण उत्तर म्हणून?

उत्तर दोन ठिकाणी दडलेले आहे. पहिले ठिकाण म्हणजे यकृत. पूर्वी गावाच्या वेशीवर जकातनाका असायचा, तसे यकृत हा शरीराचा जकातनाका. आतड्यातून रक्तात शिरणारी प्रत्येक वस्तू आधी तिथे जाते. तिथले कारकून म्हणजे एन्झाइम. ते आलेल्या द्रव्याची मोडतोड करून त्याला बाहेरची वाट दाखवतात. वॉर्फरिनचा निकाल लावणारा जो कारकून आहे तो काही माणसांत जन्मतःच मंद असतो. अशा माणसात औषध साचत जाते. त्याला थोडीच गोळी पुरते. दुसरे ठिकाण म्हणजे टपरीवरचा तो पोऱ्या. त्याचे जनुक सापडले २००४ साली. काही माणसांच्या टपरीवर पोरे कमी नेमलेले असतात, काहींच्या जास्त. कमी पोरे असतील तर थोड्याच वॉर्फरिनने सगळ्यांचे हात धरले जातात; जास्त असतील तर सात मिलिग्रॅम लागतात. त्याखेरीज वय, आहार, थायरॉइड, यकृताची तब्येत ही कारणे आहेतच. गुरुजींचे कारकून मंद असतील आणि पोरेही कमी असतील. आत्याचे दोन्ही उलट. उंची आणि रुंदीचा त्यात फारसा वाटा नाही. आपण माणसाला बाहेरून बघतो, औषध त्याला आतून बघते.

जकातनाक्यावरची गर्दी काय करू शकते ते आम्ही २०१९ च्या पावसाळ्यात पाहिले. आत्याची दाढ ठणकत होती. एका दातांच्या दवाखान्यात तिला सूज उतरण्यासाठी मेट्रोनिडॅझोल दिले. आत्याने "मी रक्त पातळ होण्याची गोळी घेते" असे दोनदा सांगितले होते. तिथल्या मनुष्याने "याने काही होत नाही" म्हणून चिठ्ठी लिहिली. मेट्रोनिडॅझोल वॉर्फरिनच्याच कारकुनाला गुंतवून ठेवते. वॉर्फरिन आपले रांगेत उभे, साचत चालले. पाचव्या दिवशी आत्याच्या दंडावर काळेनिळे डाग दिसले. कुठे आपटल्याचे तिला आठवेना. सहाव्या दिवशी पहाटे नाकातून रक्त सुरू झाले ते दोन टॉवेल भिजले तरी थांबेना. आकडा आठाच्या वर गेला होता. आणि खरी कसोटी पुढेच होती. उतारा ठाऊक होता, व्हिटॅमिन के. पण ते सढळ हाताने दिले तर पुढे कित्येक दिवस वॉर्फरिन लागूच पडणार नाही आणि झडपेवर गुठळी धरेल. रात्रपाळीची डॉक्टर बाई आमच्याच वयाच्या वाटाव्या अशा. त्यांनी अगदी थोडासा उतारा दिला आणि दर काही तासांनी रक्त तपासत बसल्या. बाबा कॉरिडॉरमध्ये फेऱ्या घालत होते. मी खाटेजवळ बसून, आयुष्यात पहिल्यांदाच, ती टिक् टिक् मुद्दाम कान देऊन ऐकत होते. तिसऱ्या दिवशी आकडा साडेतीनवर आला.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागले. इतिहासाच्या संदर्भासाठी ग्रंथालयात गेले तरी पाय नको त्या कपाटाकडे वळू लागले. तेव्हा कळले, की ही एकट्या वॉर्फरिनची गोष्ट नाही. क्षयावरचे आयसोनियाझिड घ्या. काही माणसांचे यकृत त्याचा झपाट्याने निकाल लावते, काहींचे रेंगाळत. जपानात बहुतेक लोक झपाट्याचे. आपल्याकडे निम्म्याहून अधिक रेंगाळणारे. रेंगाळणाऱ्यांच्या पायांना मुंग्या येतात, म्हणून बी-सहा जीवनसत्त्वाची गोळी जोडीला देतात. मद्रासला १९५६ साली क्षयरोगाचे केंद्र निघाले; तिथे आठवड्यातून एकदाच औषध देऊन पाहिले, तेव्हा झपाटेवाल्यांना त्याचा गुण कमी आला. खोकल्याच्या आणि दुखण्याच्या औषधातले कोडीन तर स्वतः फारसे काही करतच नाही; यकृताने त्याचे मॉर्फिन केले तरच दुखणे थांबते. ज्याच्याकडे ते करणारा कारकून नाही त्याने कितीही कोडीन घेतले तरी तो कण्हतच राहणार, आणि शेजारचे म्हणणार, "नाटक करतो!" उलट ज्याचा कारकून अतिउत्साही, त्याला थोडक्यातच धोका.

मलेरियावरच्या प्रायमाक्विनने काही रुग्णांच्या तांबड्या पेशी फुटत आणि लघवी काळपट होई. त्यांच्या पेशींत एक एन्झाइम कमी असते हे १९५६ साली उमगले. मुंबईच्या पारशी समाजात हा दोष इतरांपेक्षा जास्त आढळतो. याच दोषाच्या माणसांना एका जातीच्या वालासारख्या शेंगाही बाधतात. पायथागोरसने आपल्या शिष्यांना शेंगा खायला बंदी केली होती असे सांगतात. तिच्या मागे हेच कारण असेल, असा काहींचा तर्क आहे. खरेखोटे पायथागोरस जाणे, पण तत्त्वज्ञानाच्या तासाला ही बंदी आम्हाला निव्वळ विक्षिप्तपणा म्हणून शिकवली गेली होती! तसेच आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजाचे. ऑपरेशनच्या वेळी स्नायू सैल करायला एक इंजेक्शन देतात; त्याचा अंमल काही मिनिटांचा. या समाजातल्या काही माणसांत ते मोडणारे एन्झाइमच नसते, त्यामुळे त्यांचा श्वास तासन् तास यंत्राने चालू ठेवावा लागतो. बाहेरून बघाल तर तो माणूस ठणठणीत; त्या इंजेक्शनाची गाठ पडेपर्यंत सारा जन्म हा दोष कोणाला कळतही नाही. औषध आणि आनुवंशिकता यांची सांगड घालणाऱ्या या शास्त्राला नाव मिळाले तेच मुळी १९५९ साली, एका जर्मन शास्त्रज्ञाकडून.

मग औषधाच्या खोक्यावर 'प्रौढांसाठी एक गोळी' असे जे छापलेले असते तो प्रौढ कोण? मी त्याचा बराच शोध घेतला. तो बहुधा पुरुष असतो. अमेरिकेत १९७७ पासून मूल होऊ शकणाऱ्या वयाच्या स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळायचा नियमच होता. तो १९९३ साली उठला. हेतू चांगला होता, पोटातल्या मुलाला अपाय होऊ नये हा. पण त्यामुळे पुरुषावर मोजलेला डोस बायकांनी मुकाट्याने गिळला. झोल्पिडेम नावाची झोपेची गोळी वर्षानुवर्षे दोघांना सारखी देत होते. बायकांच्या रक्तात ती सकाळपर्यंत जास्त उरते आणि गाडी चालवताना डुलकी लागते, म्हणून २०१३ साली तिथल्या सरकारने बायकांचा डोस निम्मा करायला लावला. स्वयंपाकघरात पुरुषाचा आणि बाईचा घास निराळा मोजणाऱ्या आपल्या समाजाला हे आधी सुचायला हरकत नव्हती, पण असो.

वैशेषिक दर्शन शिकताना सरांनी सांगितले होते, की गुण हा द्रव्याच्या आश्रयाने राहतो. मी भीत भीत विचारले, "सर, मग औषधाचा गुण गोळीत राहतो की आत्यात?" वर्ग हसला. सर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "कणादाच्या मते गोळीत. तुमच्या मते?" माझे मत अजून पुरते ठरलेले नाही. कुलपाला किल्ली बसावी तसे औषध पेशीवरच्या विशिष्ट जागी बसते, ही कल्पना शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडली. किल्ली एकट्याने काही उघडत नाही हे तर लहान मूलही सांगेल.

आता कोणी म्हणेल, "हे सगळे खरे, पण आमच्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे, त्याचे काय?" मी या श्रद्धेची थट्टा करणार नाही. १९७८ साली अमेरिकेत अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग झाला. त्यांना वेदनाशामक म्हणून नुसते मिठाचे पाणी टोचले, तरी काहींचे दुखणे कमी झाले. मग अफूच्या कुळातल्या औषधांचा परिणाम पुसून टाकणारे द्रव्य त्यांना दिले, तर दुखणे परत आले! म्हणजे त्या विश्वासाने त्यांच्या मेंदूतच वेदनाशामक तयार झाले होते. हाताचा गुण हा असा रसायनात उतरतो. मात्र त्याची सत्ता वेदनेवर, मळमळीवर, झोपेवर जितकी चालते तितकी सगळीकडे चालत नाही. परीक्षानळीतल्या रक्ताला कोणाचा हात लागला होता ते कळत नाही.

पथ्याची गोष्ट राहिली. ऑपरेशननंतर एका डॉक्टरांनी आत्याला सांगितले होते, "पालेभाजी बंद!" ते तिने वेदवाक्य मानले. बारा वर्षे मेथीच्या जुडीला हात लावायचा तो फक्त आमच्यासाठी निवडायला. हिवाळ्यात चाकवताचा घमघमाट सुटायचा आणि आत्या आपली दुधीभोपळ्याशी भाकरी खायची. पुढे दुसरे डॉक्टर भेटले. त्यांनी सांगितले, "अहो ताई, कोणी बंद करायला सांगितली? रोज खा. फक्त रोज सारखी खा. गोळी तुमच्या जेवणाच्या मापाने ठरवू, जेवण गोळीच्या मापाने नको." म्हणजे टपरीवर रोज ठरावीक नवे पेले येत असतील, तर मालकाला हिशोब बसवता येतो, एक दिवस शंभर आणि मग महिनाभर शून्य आले तर नाही. खरे तर पालेभाजी अजिबात न खाणाऱ्याचा आकडाच जास्त हेलकावे खातो, कारण मग एका पराठ्यानेही तोल जातो. त्या दिवशी घरी आल्यावर आत्याने लसणीची फोडणी देऊन मेथी केली आणि एकटीने खाल्ली. कोणी काही बोलले नाही.

तेव्हापासून तिची एक वही आहे. तारीख, गोळी, आकडा आणि भाजी असे चार रकाने. ती चाळली तर चातुर्मास कधी लागला ते न सांगता कळते. उपास वाढले, साबुदाणा आणि बटाटा आला, की आकडा वर सरकतो. मार्गशीर्षात हरभऱ्याचा पाला आला की खाली. डॉक्टर आता आधी वही बघतात, मग आत्याला.

वहीत एक गोष्ट नाही. ऑपरेशन झाले तेव्हा आत्याच्या लग्नाला दोन वर्षे झाली होती. वॉर्फरिन वारेतून पोटातल्या बाळापर्यंत पोहोचते, आणि सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळाची हाडे, नाक घडत असताना विशेष अपाय करते. ते बंद करून दुसरे इंजेक्शन घ्यावे तर झडपेला धोका. आज काटेकोर देखरेखीखाली अशा कितीतरी स्त्रिया आई होतात, जोखीम पत्करूनच. १९९८ साली तिला एका वाक्यात 'मूल नको' असे सांगितले गेले, आणि तेही तिला नव्हे, तिच्या सासऱ्यांना. वर्षभरात ती आमच्याकडे राहायला आली ती कायमची. मी हे तिच्या तोंडून एकदाच ऐकले आहे, शेंगा सोलताना. "औषध मला मानवलं गं," ती म्हणाली, "बाकीच्यांना नाही मानवलं." आणि टरफलांची सूप उचलून अंगणात गेली.

बाकावरच्या त्या मुलाने परवा विचारले, "आता जनुक तपासून डोस ठरवतात म्हणे, मग आपण दर महिन्याला सुई का टोचून घ्यायची?" मला ठाऊक होते तेवढे सांगितले. २०१३ साली असे दोन मोठे प्रयोग एकदमच प्रसिद्ध झाले. युरोपातल्या प्रयोगात जनुक पाहून दिलेल्या डोसचा फायदा दिसला, अमेरिकेतल्या प्रयोगात दिसला नाही. जनुके पहिला डोस कुठून सुरू करावा ते सांगतील. काल कोणती भाजी खाल्ली आणि परवा कोणती गोळी घेतली, ते त्यांना कुठे ठाऊक असते? नवी, तपासणी न लागणारी औषधे निघाली आहेत खरी, पण धातूच्या झडपेवर त्यातले एक वापरून पाहिले तेव्हा गुठळ्याही वाढल्या आणि रक्तस्रावही वाढला. तो प्रयोग मध्येच थांबवावा लागला. तेव्हा झडपवाल्यांना आपले उंदराचे औषधच बरे.

गुरुजी ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे माझे दोन मिलिग्रॅम आणि आत्याबाईंचे सात, हे काही सुटत नाही." तेवढ्यात आतून त्यांचे नाव पुकारले. आत्याचा आकडा त्या दिवशी दोन पूर्णांक नऊ आला. येताना मंडईतून हरभऱ्याचा पाला घेतला, जुड्या दोन घ्याव्यात असे मला वाटत होते, तिने एकच घेतली आणि भाजीवालीला सांगितले, "रोज एक ठेव माझ्यासाठी, संक्रांतीपर्यंत."